हिशेबाचा तक्ता साध्या मजकुरात कसा मांडावा?

संस्था लहान असो वा मोठी, तिचा कारभार सभासदांना दोन ठिकाणी दिसतो : एक कार्यक्रमात आणि दुसरा हिशेबात. कार्यक्रम वर्षातून चार-पाच वेळा होतात. हिशेब मात्र बारा महिने चालू असतो. पूर्वी हा हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखविला जाई, सूचनाफलकावर लावला जाई आणि ज्यांना सभेस गावी येणे जमत नसे अशा चाकरमान्यांना टपालाने धाडला जाई. आज मालवण, कुडाळ, कणकवलीपासून मुंबई, ठाणे, पुण्यापर्यंत विखुरलेले सभासद व्हॉट्सॲपच्या एकाच गटात असतात. खजिनदार संगणकावर एक्सेलमध्ये पत्रक तयार करतो, त्यातील मजकूर उचलतो आणि गटावर टाकतो. येथेच अडचण उभी राहते. पत्रकात ओळीने नीट बसलेले आकडे संदेशात उतरताच विस्कटतात. एका गावाच्या नावापुढे दुसऱ्या गावाची रक्कम आल्यासारखी दिसते. ज्याने वर्गणी भरली त्याला ती न भरल्यासारखी वाटते आणि मग ज्या शंका कोणाच्या मनातही नव्हत्या त्या उत्पन्न होतात.

खजिनदाराचा प्रामाणिकपणा, लेखनिसाचे कष्ट आणि सभासदांचा विश्वास या तिन्ही गोष्टी एका विस्कटलेल्या तक्त्यामुळे पणाला लागाव्यात, हे योग्य नव्हे. यास्तव पत्रकातील माहिती साध्या मजकुराच्या तक्त्यात कशी मांडावी, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत. आमचे शिक्षण कला शाखेचे. संगणकशास्त्राचे आम्ही तज्ज्ञ नव्हे. परंतु बँकेत लिपिकाचे काम करीत असल्याने रकाने, ओळी आणि बेरजा यांच्याशी आमचा रोजचा संबंध येतो. त्या अनुभवातून जे उपयोगी वाटले ते सभासद बंधुभगिनींपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

१. साधा मजकूर म्हणजे काय?

एक्सेल, लिब्रेऑफिस किंवा गुगल शीट्स यांतील पत्रकात प्रत्येक आकड्याला स्वतःची चौकट असते. चौकटीला पत्ता असतो, रुंदी असते, रंग असतो. आकडा उजवीकडे टेकलेला आणि नाव डावीकडे टेकलेले दिसते ते या चौकटीमुळे. साध्या मजकुरात यांतील काहीही नसते. तेथे फक्त अक्षरे, अंक, चिन्हे, कोरी जागा आणि ओळीचा शेवट एवढेच असते. चौकट गेली की आधार गेला. म्हणून पत्रक जसेच्या तसे संदेशात येत नाही. ते आपल्याला पुन्हा मांडावे लागते.

कोणी म्हणेल, मग पत्रकाचा फोटोच काढून पाठवावा. फोटो पाठवण्यास हरकत नाही; पण त्याच्या मर्यादा जाणून घ्याव्यात. फोनवर तो मोठा करून, डावीउजवीकडे सरकवून पाहावा लागतो. त्यातील नाव सहज शोधता येत नाही, आकडे उचलून पुन्हा बेरीज करता येत नाही. शिवाय आपल्या भागात पावसाळ्यात वीज आणि रेंज यांचा भरवसा नसतो. अशा वेळी चार ओळींचा मजकूर पोहोचतो आणि फोटो गोल फिरत राहतो. ज्या सभासदाला दिसत नाही आणि जो फोनकडून संदेश वाचून घेतो, त्याला फोटोतील आकडे बहुधा ऐकूच येत नाहीत. सारांश, हिशेब तपासता यावा अशी इच्छा असेल तर तो मजकुरात द्यावा.

२. टंकलेखन संस्थेतील धडा

ही विद्या नवीन नाही. ज्यांनी टंकलेखन संस्थेत शिक्षण घेतले त्यांना 'स्टेटमेंट' हा शब्द आठवेल. कोऱ्या कागदावर, एकही रेघ न आखता, केवळ टाइपरायटरच्या ठोक्यांनी चार-पाच रकान्यांचा तक्ता काढावयाचा, असा तो प्रश्न असे. त्याची रीत ठरलेली होती. प्रत्येक रकान्यातील सर्वांत लांब नोंद शोधायची, तिचे ठोके मोजायचे, सर्वांची बेरीज करायची आणि ओळीतील एकूण घरांतून ती वजा करायची. उरलेली घरे रकान्यांच्या मध्ये सारखी वाटायची.

उदाहरणार्थ, ओळीत ७० घरे आहेत. चार रकान्यांतील सर्वांत लांब नोंदी अनुक्रमे ४, २०, १० आणि १० घरांच्या आहेत. एकूण ४४ झाली, उरली २६. चार रकान्यांच्या मध्ये तीन अंतरे येतात. प्रत्येक अंतरास ८ घरे दिली तर २४ संपतात आणि राहिलेली २ समासात जातात. एवढे गणित करून टॅब्युलेटरच्या खुणा लावल्या की तक्ता सरळ येई.

हे साधत असे, कारण टाइपरायटरवर प्रत्येक ठोक्यास गाडी एकाच मापाने पुढे सरकते. मराठी यंत्रावर तर उकार, मात्रा, अनुस्वार अशा चिन्हांच्या कळा गाडी पुढे न सरकवता उमटत, त्यामुळे मोजणीत गोंधळ होत नसे. बँकांमध्ये सुया आपटून छापणारे जे प्रिंटर आले, तेही ८० किंवा १३२ घरांच्या ओळीवर चालत. पासबुकातील तारीख, तपशील, नावे, जमा आणि शिल्लक हे रकाने अशा घरांच्या मोजणीवरच बसविलेले असत.

३. तक्ता का विस्कटतो?

आजच्या फोनवर तक्ता विस्कटण्याची मुख्यतः तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की फोनवरील नेहमीची अक्षरे समान रुंदीची नसतात. 'र' अरुंद असतो, 'ज्ञ' रुंद असतो. कोरी जागा तर आणखी अरुंद असते. कोऱ्या जागा मोजून टाकल्या तरी दुसरा रकाना प्रत्येक ओळीत वेगळ्या ठिकाणी सुरू होतो.

दुसरे कारण टॅबचे. पत्रकातील चौकटी उचलून दुसरीकडे चिकटवल्या की दोन चौकटींच्या मध्ये टॅब हे अदृश्य चिन्ह येते. 'पुढील खुणेपर्यंत जा' एवढाच त्याचा अर्थ. पण ती खूण कोठे आहे, हे प्रत्येक ॲप आपापल्या मताने ठरवते. पाठवणाऱ्याच्या संगणकावर सरळ दिसलेला तक्ता घेणाऱ्याच्या फोनवर वाकडा दिसतो तो यामुळे.

तिसरे कारण सर्वांत घातक आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ते म्हणजे रिकामी चौकट. समजा, जून, जुलै आणि ऑगस्ट असे वर्गणीचे तीन रकाने आहेत. एका सभासदाने जूनमध्ये व ऑगस्टमध्ये प्रत्येकी ३०० रुपये भरले, जुलैची चौकट रिकामी आहे. मजकुरात उतरल्यावर त्याच्या ओळीत फक्त '३०० ३००' एवढेच दिसते. वाचणारा समजतो की जून-जुलै भरले आणि ऑगस्ट राहिला. आकडे खरे, तरीही वाचन खोटे ठरले. म्हणून पहिला नियम असा की, मजकुरात उतरविण्यापूर्वी पत्रकात एकही चौकट रिकामी ठेवू नये. रक्कम आली नसेल तेथे ० लिहावे. तो महिना त्या सभासदास लागूच नसेल, उदाहरणार्थ तो नंतर सभासद झाला असेल, तर आडवी रेघ द्यावी. शून्य आणि रेघ यांचे अर्थ तक्त्याखाली एका ओळीत सांगावेत.

४. देवनागरीची खास अडचण

इंग्रजी मजकुरासाठी समान रुंदीची अक्षरे वापरण्याची सोय असते. व्हॉट्सॲपवर मजकुराच्या आधी तीन व नंतर तीन 'बॅकटिक' दिले की तो मजकूर समान रुंदीच्या अक्षरांत दिसतो. बॅकटिक हे तिरके, उलट्या अवतरणासारखे चिन्ह. संगणकाच्या कळफलकावर ते १ या अंकाच्या डावीकडे असते, फोनवर चिन्हांच्या पानांत सापडते. या सोयीमुळे इंग्रजी अक्षरे व इंग्रजी अंक एकाखाली एक बसतात आणि अनेक कोऱ्या जागा दिल्या तर त्याही टिकून राहतात.

मराठी अक्षरांना मात्र हा उपाय पुरा पडत नाही. समान रुंदीच्या अक्षरसंचांत बहुधा देवनागरी नसते. मग फोन ती अक्षरे दुसऱ्या संचातून घेतो आणि रुंदीचा मेळ तुटतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की, संगणकाची मोजणी आणि आपली मोजणी यांत फरक आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त यांना प्रत्येकी स्वतंत्र स्थान आहे. त्यामुळे आपल्या डोळ्यांना दिसणारी अक्षरे आणि संगणक मोजतो ती चिन्हे पुढीलप्रमाणे होतात. पहिला आकडा डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांचा, दुसरा संगणकाचा :

४ | ०५ | मालवण
२ | ०५ | कट्टा
५ | ०६ | कणकवली
३ | ०९ | वेंगुर्ले
४ | १० | सिंधुदुर्ग

कणकवली हे नाव डोळ्यांना वेंगुर्ल्याहून लांब दिसते, पण संगणकाच्या हिशेबी वेंगुर्लेच लांब. एक्सेलमध्ये मजकुराची लांबी मोजणारे 'लेन' हे सूत्र आणि एकच चिन्ह हव्या तितक्या वेळा देणारे 'रेप्ट' हे सूत्र यांची सांगड घालून कोऱ्या जागा भरण्याची एक रीत पुस्तकांतून शिकविली जाते. इंग्रजी नावांसाठी ती उत्तम चालते. मराठी नावांसाठी ती चालत नाही, याचे कारण वरील पाच ओळींत आहे. विद्यार्थ्यांनी ते नीट समजून घ्यावे. नाहीतर सूत्र बरोबर असूनही तक्ता वाकडा का, या विचारात वेळ जातो.

हीच गोष्ट साध्या एसएमएसची. ज्यांच्याकडे कळांचा साधा फोन आहे अशा वडीलधाऱ्यांना हिशेब एसएमएसने कळवावा लागतो. इंग्रजी लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात. देवनागरी आली की ती मर्यादा ७० होते. त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. तेव्हा एसएमएसने तक्ता न पाठवता त्या सभासदाची एकच ओळ पाठवणे शहाणपणाचे.

५. आकडा आधी, नाव शेवटी

यावर उपाय सोपा आहे. ज्याची रुंदी सारखी ठेवता येते ते आधी लिहावे आणि ज्याची रुंदी आवरता येत नाही ते ओळीच्या शेवटी ठेवावे. आपण सवयीने नाव आधी आणि रक्कम नंतर लिहितो. साध्या मजकुरात हा क्रम उलटा करावा. आकड्यांना सारखी घरे देता येतात, म्हणून त्यांच्यानंतरचा रकानाही सरळ राहतो. नाव लांब असो वा आखूड, त्याच्यापुढे काही नसल्याने कोणाचेही बिघडत नाही.

एक उदाहरण घेऊ. यातील गावे खरी असली तरी आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक सभासदाची वर्गणी ३०० रुपये धरली आहे.

सभासद | रुपये | गाव
१८ | ०५४०० | आचरे
२३ | ०६९०० | मसुरे
०९ | ०२७०० | कट्टा
१२ | ०३६०० | देवबाग
०७ | ०२१०० | चौके
६९ | २०७०० | एकूण

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, लहान आकड्यांपुढे शून्य देऊन सर्व आकडे सारख्या घरांचे केले आहेत. काही जण कोऱ्या जागी टिंबे देतात. पण रकमेच्या आधी टिंब आले की ते दशांशचिन्ह वाटण्याचा धोका असतो. शून्य दिल्याने रक्कम बदलत नाही. धनादेशावर आकड्याच्या आधी मोकळी जागा सोडू नये, असे आम्ही ग्राहकांना काउंटरवर नेहमी सांगतो. तीच शिस्त येथे चालते. दुसरी, दोन रकान्यांच्या मध्ये उभी रेघ दिली आहे. रुंदीचा मेळ थोडा चुकला तरी कोणता आकडा कोणत्या रकान्यातला, हे रेघ सांगते. तिसरी, प्रत्येक गावाची माहिती एकाच ओळीत आहे.

छपाईच्या सोयीसाठी येथे मराठी अंक दिले आहेत. प्रत्यक्ष संदेशात, आकडे एकाखाली एक नेमके बसावेत असे वाटत असल्यास, इंग्रजी अंक वापरून तक्ता तीन बॅकटिकांमध्ये ठेवावा. मराठी अंकांची रुंदी प्रत्येक फोनवर सारखी येईलच असे नाही.

ओळ किती लांब असावी, हाही प्रश्न आहे. फोनच्या पडद्यावर न मावणारी ओळ तुटून खाली येते आणि तुटलेला भाग नवीन नोंद असल्यासारखा दिसतो. प्रत्येकाच्या फोनचा पडदा व अक्षराचा आकार वेगळा असल्याने यास ठाम उत्तर नाही. आम्ही एक युक्ती सुचवितो. एक ते नऊ व शून्य हे अंक सलग चार वेळा लिहून ती ओळ बॅकटिकांसह गटातील एका ज्येष्ठ सभासदाला पाठवावी आणि ती कोणत्या अंकापाशी तुटते ते विचारावे. ज्येष्ठांच्या फोनवर अक्षरे मोठी ठेवलेली असतात. त्यांच्या फोनवर जी ओळ मावली ती बहुतेकांच्या फोनवर मावेल.

६. पत्रकातून मजकूर काढण्याची रीत

आता कृती पाहू. पत्रकात अ रकान्याच्या जागी, म्हणजे 'ए' या रकान्यात गाव, 'बी'मध्ये सभासदसंख्या आणि 'सी'मध्ये रक्कम आहे असे समजू. पहिली ओळ शीर्षकाची असल्याने माहिती दुसऱ्या ओळीपासून सुरू होते. शेजारच्या 'डी' रकान्यात दुसऱ्या ओळीवर पुढील सूत्र लिहावे. येथे ते देवनागरीत दिले आहे. संगणकावर इंग्रजी अक्षरांत व अंकांत लिहावे.

=टेक्स्ट(बी२,"००")&" | "&टेक्स्ट(सी२,"०००००")&" | "&ए२

'टेक्स्ट' हे सूत्र आकड्याला ठरावीक घरांचा मजकूर बनविते. अवतरणात जितकी शून्ये, तितकी घरे. '&' हे चिन्ह तुकडे जोडते. सूत्र खालच्या सर्व ओळींवर ओढून घ्यावे. मग 'डी' रकान्यातील चौकटी उचलून संदेशात चिकटवाव्यात. एकच रकाना उचलल्याने मध्ये टॅब येतच नाहीत आणि प्रत्येक ओळ तयार स्वरूपात उतरते.

ज्यांना सूत्र नको त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. पत्रकातील चौकटी उचलून नोटपॅडमध्ये चिकटवाव्यात. दोन शब्दांमधील एक टॅब निवडून त्याची प्रत घ्यावी. मग 'रिप्लेस' ही खिडकी उघडून 'शोधा'च्या जागी ती टॅब चिकटवावी आणि 'बदला'च्या जागी कोरी जागा, उभी रेघ, कोरी जागा असे लिहावे. एका झटक्यात सर्व टॅबच्या जागी रेघा येतात.

फाइल म्हणून पाठवावयाचे झाल्यास 'सीएसव्ही' हा साध्या मजकुराचा प्रकार सर्वत्र चालतो. मात्र जतन करताना यादीतून 'सीएसव्ही युटीएफ-८' हाच प्रकार निवडावा. नुसत्या 'सीएसव्ही'त मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात. तसेच जुन्या फाँटांमध्ये टंकलिखित केलेला मजकूर, म्हणजे ज्यात पडद्यावर मराठी दिसते पण आत इंग्रजी चिन्हे असतात तो, दुसऱ्याच्या फोनवर निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन उतरतो. तक्त्यासाठी युनिकोड मराठीच वापरावी.

७. स्वल्पविराम, शून्य आणि तारीख

मांडणी सुंदर झाली तरी आतील आकडा बदलला तर काय उपयोग? पुढील गोष्टींत दक्षता घ्यावी.

स्वल्पविराम : सीएसव्ही प्रकारात स्वल्पविराम हीच रकान्याची सीमा असते. आपण सव्वा लाख १,२५,००० असे लिहितो. कोणी अशी फाइल हाताने लिहिली आणि रकमेला अवतरणचिन्हे दिली नाहीत तर एका रकमेच्या तीन चौकटी होतात : १, २५ आणि ०००. तेव्हा अशा फाइलीत रक्कम स्वल्पविरामाविना लिहावी. वाचकांसाठीच्या मजकुरात मात्र लाख-हजारांचे स्वल्पविराम अवश्य द्यावेत.

लांब क्रमांक : एक्सेल आकड्यातील पहिले १५ अंकच अचूक ठेवते. सोळा अंकी क्रमांक भरला की शेवटचा अंक शून्य होतो. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये तर गळूनच पडतात. पावती क्रमांक, नोंदणी क्रमांक असे ज्यांची बेरीज करावयाची नसते ते आकडे, रकाना आधी 'टेक्स्ट' प्रकारचा करून मगच भरावेत.

तारीख : ३/४ असे लिहिले की पत्रक त्याची तारीख करून टाकते, मग तो घरक्रमांक असो वा चारपैकी तिसरा हप्ता. ही खोड केवळ आपल्यालाच त्रास देते असे नाही. मार्च व सप्टेंबर या महिन्यांच्या इंग्रजी लघुरूपांसारखी नावे असलेल्या मानवी जनुकांच्या चौकटी एक्सेलमध्ये तारखा होऊन जात. अखेर जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये जाहीर केलेल्या नियमांनुसार ती नावेच बदलली. आपण एवढे करावे की, तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहावा. ५-६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा वाद मग राहत नाही.

ओळींची संख्या : इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत २०२० मध्ये प्रयोगशाळांकडून सीएसव्ही स्वरूपात आलेली कोविडची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. ओळी संपल्यावर पुढील नोंदी निमूटपणे गळाल्या आणि १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत वेळेवर आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातील लोकांना सावध करण्यास उशीर झाला. आपल्या संस्थेच्या ओळी पन्नास-साठच असतील. तरीही किती ओळी निघाल्या आणि किती पोहोचल्या, हे मोजण्याची सवय असावी.

८. रकाने जास्त असतील तर

फोनच्या पडद्यावर तीन रकाने सुखाने मावतात, चौथा कष्टाने. त्याहून अधिक असतील तर तक्त्याचा हट्ट सोडावा आणि प्रत्येक नोंद नावनिशीवार लिहावी. जसे :

गाव : देवबाग
सभासद : १२
जमा : ३,६००
बाकी : ०

यात जागा अधिक लागते हे खरे. परंतु प्रत्येक आकड्यापुढे त्याचे नाव असल्याने घोटाळा होत नाही. फोनकडून वाचून घेणाऱ्या अंध सभासदाला तर हीच मांडणी सर्वांत सोयीची. त्याच कारणाने तक्ता सजविण्यासाठी रेघारेघांच्या लांबलचक ओळी टाळाव्यात. ऐकणाऱ्याला त्यातून केवळ 'डॅश, डॅश' ऐकावे लागण्याची शक्यता असते. तारका, अधोरेघ व लाटेसारखे चिन्ह बॅकटिकांच्या बाहेर वापरले तर व्हॉट्सॲप त्यांचा अर्थ ठळक, तिरपे व खोडलेले अक्षर असा घेते, हेही लक्षात ठेवावे. खोडलेली रक्कम दिसली तर काय अर्थ होईल, हे सांगावयास नको.

आणि काय लिहू नये, हेही रकाने ठरवितानाच ठरवावे. आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक, मोबाईल क्रमांक गटावर टाकू नयेत. शैक्षणिक मदत घेणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे देऊ नयेत. किती विद्यार्थ्यांना एकूण किती रक्कम दिली, एवढे पुरे. हिशेब सभासदांचा आहे, पण मदत घेणाऱ्याचा स्वाभिमान त्याचा स्वतःचा आहे. नावानिशी नोंद संस्थेच्या दप्तरात असते आणि लेखापरीक्षकास ती दाखविता येते. गटावरील तक्ता हा माहितीसाठी आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ठेवावयाच्या हिशेबाच्या वह्या व लेखापरीक्षण यांची जागा तो घेत नाही.

९. पाठविण्यापूर्वी ताळा

बँकेत दिवसाची रोख जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही. तक्ताही जुळविल्याशिवाय पाठवू नये. पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

(१) पत्रकातील ओळी आणि मजकुरातील ओळी मोजाव्यात. वरील उदाहरणात ५ गावे, म्हणून ५ ओळी व एकूणची एक.
(२) मजकुरातील आकड्यांची बेरीज कागदावर किंवा गणकयंत्रावर स्वतंत्र करावी. पत्रकाने सांगितलेली बेरीज उतरवून घेणे हा ताळा नव्हे.
(३) शक्य असेल तेथे दुसऱ्या वाटेने पडताळा घ्यावा. ६९ सभासद गुणिले ३०० म्हणजे २०,७००. उभी बेरीजही २०,७०० आली. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या.
(४) पहिली, मधली एक आणि शेवटची ओळ मूळ पत्रकाशी ताडून पाहावी. मजकूर घसरला असेल तर तो येथे सापडतो.
(५) संदेश आधी दुसऱ्या प्रकारच्या एका फोनवर पाठवून पाहावा आणि मगच गटावर टाकावा.

तक्त्याच्या वर संस्थेचे नाव, कालावधी आणि 'अमुक तारखेपर्यंत' असा उल्लेख असावा. तक्ता पुढे पाठविला जातो, महिन्याने पुन्हा वर येतो. तारीख नसेल तर जुना हिशेब नवा समजला जातो. दुरुस्ती करावयाची झाल्यास जुना संदेश गुपचूप काढून न टाकता, 'सुधारित' असे लिहून आणि कोणती ओळ बदलली ते सांगून पूर्ण तक्ता पुन्हा द्यावा.

१०. विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. जनगणनेत या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या पुढीलप्रमाणे नोंदली गेली. पहिला रकाना २००१ चा, दुसरा २०११ चा.

१६९६७७७ | १६१५०६९ | रत्नागिरी
०८६८८२५ | ०८४९६५१ | सिंधुदुर्ग
२५६५६०२ | २४६४७२० | एकूण

विद्यार्थ्यांनी ही माहिती एक्सेलमध्ये भरावी, 'घट' असा तिसरा रकाना वाढवावा, टेक्स्ट सूत्राने ओळी तयार कराव्यात आणि एकमेकांच्या फोनवर पाठवून पाहाव्यात. रत्नागिरीची घट ८१,७०८ आणि सिंधुदुर्गाची १९,१७४ यावयास हवी. दोहोंची बेरीज १,००,८८२. आणि एकूणच्या ओळीतील दोन आकड्यांची वजाबाकीही तेवढीच. असा आडवा व उभा मेळ बसला की तक्ता विश्वासास पात्र झाला. गावे सोडून मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या आपल्या माणसांची कहाणी या आकड्यांत कशी वाचता येईल, याचाही विचार त्यांनी करावा.

समारोप

आपल्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते ती अनेक हातांनी, आणि तिच्या उत्पन्नाचे वाटे होतात तेव्हा आपल्या वाट्याला काय आले, हे प्रत्येकाला कळावे लागते. न कळले तर दुसऱ्या दिवशी दोरीला हात कमी लागतात. संस्थेचेही तसेच आहे. तीनशे रुपये वर्गणी ही एखाद्या घरात सहज निघते, तर एखाद्या घरात दिवसभराच्या मजुरीतून बाजूला काढलेली असते. ती देणाऱ्याला आपल्या नावाची किंवा आपल्या गावाची ओळ सापडली पाहिजे आणि त्या ओळीतील आकडा त्याच ओळीचा आहे, हे कोणाला न विचारता समजले पाहिजे.

त्यासाठी महागडे साधन लागत नाही. रिकामी चौकट भरणे, आकडा आधी व नाव शेवटी लिहिणे, एका नोंदीस एकच ओळ देणे आणि पाठविण्यापूर्वी ताळा करणे, या चार सवयी पुरेशा आहेत. आपल्या प्रत्येक शाखेतील एकदोन विद्यार्थ्यांनी हे शिकून घेऊन आपल्या खजिनदारास साहाय्य करावे. वडीलधाऱ्यांनीही तक्ता आला की नुसता अंगठा न दाखविता एकदा बेरीज करून पाहावी. हिशेब मांडणे हे जसे कार्यकर्त्याचे काम आहे, तसे तो वाचणे हे सभासदाचे काम होय.